गलेदची रास : मनें न जुळतां झालेला सलोखा

पवित्र शास्त्रांत घरगुती कलहाच्या गोष्टी पुष्कळ आहेत; परंतु भांडणाऱ्या दोन्ही पक्षांचें म्हणणें सविस्तर ऐकावयास मिळेल अशा गोष्टी थोड्याच. काइनानें हाबेलाला मारण्यापूर्वीं तो त्याच्याशीं काय बोलला, तें मूळ इब्री पाठांत दिलेलें नाहीं. योसेफाला भावांनीं खड्ड्यांत टाकिलें तेव्हां त्यानें केलेली विनवणी त्या ठिकाणीं येत नाहीं; ती पुष्कळ वर्षांनंतर, भावांच्या मनाला टोंचणी लागते तेव्हां, त्यांच्याच तोंडून आपल्याला कळते. परंतु याकोब व त्याचा सासरा लाबान हे गिलादाच्या डोंगराळ मुलखांत समोरासमोर उभे राहिले, तेव्हां दोघांनींही पोटांतलें सर्व बोलून दाखविलें, आणि उत्पत्तीच्या ३१ व्या अध्यायांत तें सारें लिहून ठेविलें आहे.

हा प्रसंग आम्ही आज वाचकांपुढें मांडतों तो केवळ एक जुनी कथा म्हणून नव्हे. खेड्यापाड्यांत जे उपदेशकाचें काम करितात, त्यांना भावाभावांच्या वांटणीच्या भांडणांत व सासरमाहेरच्या तंट्यांत मध्यें बसण्याची पाळी वारंवार येते. अशा वेळीं एक प्रश्न हटकून उभा राहतो. ज्यांचा एकमेकांवर विश्वास उरलेला नाहीं, ज्यांचा मागील हिशेब मिटलेला नाहीं आणि मिटण्याचें चिन्हही नाहीं, त्यांनीं आपसांत केलेला सलोखा हा खरा सलोखा म्हणावा काय? कीं तें केवळ ढोंग होय? ह्या प्रश्नाचा विचार करण्यास ह्या अध्यायासारखी दुसरी जागा आम्हांस माहीत नाहीं.

प्रथम मागील हकीकत ध्यानांत घ्यावी. याकोब हा लाबानाचा भाचा, व पुढें जांवई. मामाच सासरा होणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस समजावून सांगावयास नको. अशा नात्यांत प्रेमही दुहेरी असतें आणि भांडण झालें तर तेंही दुहेरी होतें. याकोब हारान येथें आला तेव्हां लाबान धांवत सामोरा गेला, त्यानें त्याला पोटाशीं धरिलें व त्याचे मुके घेतले. पुढें राहेलीसाठीं ७ वर्षें चाकरी ठरली. परंतु लग्नाच्या रात्रीं लाबानानें लेआ पाठविली. राहेलीसाठीं आणखी ७ वर्षें राबावें लागलें, आणि त्यापुढें ६ वर्षें कळपासाठीं. अशीं २० वर्षें गेलीं, व तेवढ्या काळांत लाबानानें आपलें वेतन १० वेळां बदललें, अशी याकोबाची तक्रार आहे.

तथापि ह्यावरून लाबान सर्वस्वीं दुष्ट व याकोब सर्वस्वीं निर्दोष, असा निवाडा घाईनें करूं नये. याकोबानें आपल्या आंधळ्या बापास फसवूनच घर सोडलें होतें. कळप वाढवितांना त्यानेंही युक्ति लढविली, व लाबानाचे मुलगे कुरकुरूं लागले कीं, आमच्या बापाचें होतें तें सर्व ह्यानें बळकाविलें. शेवटीं लाबान मेंढरांची लोंकर कातरण्यास गेला असतां, त्याला न कळवितां, याकोब बायकामुलें व गुरेंढोरें घेऊन निघाला. ह्या ठिकाणीं इब्री लेखकानें एक शब्द मोठ्या नेमकेपणानें योजिला आहे. राहेलीनें बापाच्या गृहदेवता चोरल्या असें एका वाक्यांत सांगून, लगेच पुढच्या वाक्यांत तो तेंच क्रियापद याकोबाला लावितो : याकोबानें लाबानाचें हृदय चोरिलें. इब्री भाषेंत हृदय चोरणें म्हणजे फसविणें. नवऱ्यानें एक चोरिलें, बायकोनें दुसरें. आणि शास्त्र दोन्ही गोष्टींना एकच नांव देतें. ज्या याकोबाला देवानें निवडिलें, त्याचीही बाजू ह्या ग्रंथानें सांवरून घेतलेली नाहीं.

लाबानास तिसऱ्या दिवशीं बातमी लागली. तो भाऊबंद घेऊन ७ दिवस पाठलाग करीत गिलादापाशीं पोहोंचला. हारान हें आजच्या तुर्कस्थानाच्या आग्नेय भागांत आहे, व गिलाद हा यार्देनेच्या पूर्वेस, आजच्या जॉर्डन देशांत. दोहोंमध्यें ५०० किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. इतका पल्ला मागें टाकून जो माणूस येतो तो गोड बोलण्यासाठीं येत नाहीं. परंतु गांठ पडण्याच्या आदल्या रात्रीं देवानें स्वप्नांत त्याला बजाविलें कीं, याकोबाला बरें किंवा वाईट कांहीं बोलूं नको.

ही ताकीद कोणाला झाली, हें पाहण्यासारखें आहे. ती याकोबाला झाली नाहीं, लाबानाला झाली. तुला अपाय करण्याचें बळ माझ्या हातीं आहे, असें लाबान पुढें स्वतःच बोलून दाखवितो. ज्याच्या हातीं बळ होतें त्याचाच हात देवानें प्रथम आंवरून धरिला. आमच्याकडे पुष्कळदां ह्याच्या उलट घडतें. तंटा मिटवावयाचा म्हटला म्हणजे दुबळ्यालाच आधीं सांगण्यांत येतें कीं, तूं गप्प रहा, तूं सोसून घे. ह्या कथेंत सलोख्याची पहिली पायरी ती नव्हे. आणखी एक गोष्ट अशी कीं, देवानें लाबानाचें मन पालटलें असें येथें म्हटलेलें नाहीं. मन होतें तसेंच राहिलें. फक्त हाताला बांध पडला.

आतां लाबानाचें भाषण पाहा. तूं मुलींना तलवारीनें धरून नेलेल्या बंदिवानांप्रमाणें कां नेलेंस, मला सांगितलें असतेंस तर गाण्याबजावण्यानें बोळवण केली असती, मुलींचे व नातवंडांचे मुकेही तूं मला घेऊं दिले नाहींस, असा त्याचा आक्षेप आहे. हें बोलणें केवळ सोंग होतें काय? ज्यानें त्या मुलींचें मोल स्वतःच खाऊन टाकिलें, त्यानें असें बोलावें ह्याचा राग येणें साहजिक आहे. मुलींनींच तर म्हटलें होतें कीं, बापानें आम्हांला परक्याप्रमाणें विकलें. परंतु ज्यानें घरगुती तंटे जवळून पाहिले आहेत त्याला ठाऊक असतें कीं, लोभ व माया हीं एकाच छातींत नांदतात, आणि माणूस एका हातानें लेकीला लुबाडतो व दुसऱ्या हातानें तिच्यासाठीं डोळे पुसतो. त्याचे अश्रु खोटे ठरविल्यानें त्याची लबाडी अधिक सिद्ध होते असें नाहीं. आणि अश्रु खरे मानिले म्हणून लबाडी माफ होते असेंही नाहीं.

याकोबाचें पहिलें उत्तर थोडकें व सरळ आहे : मला भय वाटलें कीं, तुम्ही आपल्या मुली माझ्याकडून हिसकावून घ्याल. इतकें बोलून तो थांबला असता तर बरें झालें असतें. परंतु देव चोरल्याचा आरोप ऐकतांच तो म्हणतो कीं, ज्याच्यापाशीं ते सांपडतील तो जगावयाचा नाहीं. राहेलीनें ते चोरले आहेत हें त्याला ठाऊक नव्हतें. स्वतःच्या प्रामाणिकपणाची पूर्ण खात्री असलेला हा मनुष्य, जी त्याला सर्वांत प्रिय तिच्याच डोक्यावर मरणाची शपथ ठेवीत होता. आपण चोरी केली नाहीं हें ज्याचें त्याला कळतें. पण आपल्या तंबूंतील सर्वांच्या वतीनें शपथ वाहण्याइतकें ज्ञान कोणाला असतें?

मग झडती सुरू झाली. लाबान याकोबाच्या तंबूंत गेला, लेआच्या गेला, दोन्ही दासींच्या गेला, व शेवटीं राहेलीच्या तंबूंत शिरला. तिनें त्या मूर्ति उंटाच्या खोगिरांत लपविल्या होत्या व वर ती बसली होती. बाप आला असतां उठून उभें राहतां येत नाहीं ह्याबद्दल राग मानूं नये, आपण विटाळशी आहों, असें तिनें नम्रपणें सांगितलें. लाबानानें सगळा तंबू चांचपला व त्याला कांहीं सांपडलें नाहीं. हें चांचपणें वाचतांना मागील एक प्रसंग आठवतो. आंधळ्या इसहाकानेंही याकोबाला असेंच चांचपून पाहिलें होतें, व तेथें इब्री भाषेंत जवळजवळ हेंच क्रियापद आलें आहे. त्या वेळीं मुलानें बापाला फसविलें. येथें मुलीनें बापाला फसविलें. ज्या घरांत एकदां कपटानें काम साधलें, त्या घरांत तें कसें वारशासारखें उतरतें, हें लेखकानें उपदेशाचा एक शब्दही न उच्चारतां दाखविलें आहे.

राहेलीनें ते देव कां चोरले, ह्याविषयीं फार प्राचीन काळापासून तर्क चालत आले आहेत. पहिल्या शतकांतील यहूदी इतिहासकार योसेफस म्हणतो कीं, बापानें गांठलेंच तर त्याची मनधरणी करण्यास ते उपयोगी पडावे म्हणून. ११ व्या शतकांतील यहूदी भाष्यकार राशी म्हणतो कीं, बापाला मूर्तिपूजेपासून सोडवावें म्हणून. इराकांतील किर्कूक शहराजवळ नुझी ह्या प्राचीन नगराचें उत्खनन १९२५ ते १९३१ ह्या वर्षांत झालें. तेथें सांपडलेल्या मातीच्या लेखांवरून कित्येक पंडितांनीं असें अनुमान काढिलें कीं, ज्याच्याकडे गृहदेवता त्याचा वारसाहक्कावर दावा. परंतु १९६२ सालीं मोशे ग्रीनबर्ग ह्या विद्वानानें त्या लेखांची फेरतपासणी करून दाखविलें कीं, केवळ मूर्ति हातीं असल्यानें असा हक्क मिळत होता हें त्यांवरून सिद्ध होत नाहीं. शास्त्र स्वतः कारण सांगत नाहीं. ज्यांना मंडळीपुढें हा अध्याय शिकवावा लागतो त्यांनीं राहेलीच्या मनांतील हेतु खात्रीनें सांगण्याचा मोह टाळावा, हेंच उत्तम. पुढें बाळंतपणांत तिला मरण आलें तें ह्या शपथेमुळें, असेंही कित्येकांनीं म्हटलें आहे. तेंही शास्त्र म्हणत नाहीं. एखाद्या बाईच्या मरणाला तिच्या पापाचा दाखला करण्याची घाई देवाच्या ग्रंथानें केली नाहीं. आपणही करूं नये.

झडतींत कांहीं निघालें नाहीं हें पाहून याकोबाचा २० वर्षें कोंडलेला राग बाहेर पडला. तुमच्या मेंढ्या व शेळ्या गाभटल्या नाहींत. तुमच्या कळपांतील एडके मीं खाल्ले नाहींत. श्वापदानें फाडलेलें जनावर तुमच्यापुढें न आणितां मीं भरून दिलें. दिवसा उन्हानें व रात्रीं गारठ्यानें माझा जीव कासावीस होई, डोळ्याला डोळा लागत नसे. असें त्याच्या बोलण्याचें सार आहे. मेंढरें राखणाऱ्यालाच ह्या बोलण्याचें वजन कळेल. बाबेलचा राजा हम्मुराबी ह्याचे ख्रिस्तपूर्व १८ व्या शतकांतील कायदे एका शिळेवर कोरलेले आहेत. त्यांतील २६६ व्या कलमाप्रमाणें, वाड्यांत सिंहानें जनावर मारिलें तर धनगरानें देवापुढें आपली निर्दोषता शपथेवर सांगावी व नुकसान धन्यानें सोसावें. मोशेच्या नियमशास्त्रांतही, फाडलेलें जनावर पुराव्यादाखल आणून दाखविलें तर राखणदारानें भरपाई द्यावयाची नाहीं, असें निर्गमाच्या २२ व्या अध्यायांत आहे. अर्थात् जें धन्यानें सोसावयाचें तें याकोबानें सोसलें होतें. त्याची तक्रार रागाची होती, पण वावगी नव्हती.

आणि तरीही, वाचकहो, तो हें बोलत असतां त्या मूर्ति राहेलीच्या खालीं होत्या! माझ्या सामानांत तुमचें काय सांपडलें, तें येथें दोघांच्या भाऊबंदांपुढें ठेवा, असें तो गर्जून विचारीत होता. २० वर्षांच्या अन्यायाविषयीं त्याचा शब्दन् शब्द खरा, आणि त्या दिवसाच्या आरोपाविषयीं त्याचें म्हणणें चुकीचें. ह्या दोन गोष्टी एकाच तोंडांत एकाच वेळीं राहूं शकतात. आपल्यावर झालेला अन्याय खरा आहे एवढ्यावरून आपल्या बाजूला कांहींच लपलेलें नाहीं असें ठरत नाहीं. आणि आपल्या बाजूला कांहीं लपलेलें आहे एवढ्यावरून आपल्यावरील अन्यायही खोटा ठरत नाहीं. तंटा ऐकण्यास बसणाऱ्यानें हें नीट ध्यानांत धरिलें, तर एका पक्षाची एक चूक सांपडतांच त्याची सगळी फिर्याद फेंकून देण्याची संवय सुटेल.

लाबानानें ह्या फिर्यादीचें उत्तर दिलेंच नाहीं. तो एवढेंच म्हणतो कीं, मुली माझ्या, मुलें माझीं, कळप माझे, जें जें दिसतें तें सर्व माझें. हिशेबाचा एक आंकडाही त्यानें कबूल केला नाहीं. मग त्याच श्वासांत तो म्हणतो कीं, पण ह्या माझ्या मुलींचें व त्यांच्या लेंकरांचें मी आज काय करूं शकणार? ये, आपण करार करूं. येथें गोष्ट वळण घेते. आणि ती पश्चात्तापानें वळत नाहीं, तर उपाय खुंटला म्हणून वळते. आपणांस असें वळण आवडत नाहीं. लाबानानें रडून क्षमा मागावी, याकोबानें त्याच्या गळां पडावें, असें आपल्या मनाला वाटतें. तसें झालें नाहीं. तरी करार झाला.

याकोबानें एक दगड उभा केला, व सर्वांनीं मिळून दगडांची रास रचिली. लाबानानें आपल्या अरामी भाषेंत तिला यगर-सहादूथा म्हटलें, याकोबानें आपल्या इब्री भाषेंत गलेद म्हटलें. दोन्ही नांवांचा अर्थ एकच, साक्षीची रास. उत्पत्तीच्या पुस्तकांत अरामी शब्द येतात ते एवढेच दोन. दोघांनींही आपली भाषा सोडली नाहीं. शपथही एकाच शब्दांत झाली नाहीं; लाबानानें अब्राहामाच्या व नाहोराच्या देवाला साक्षीस बोलाविलें, याकोबानें आपला बाप इसहाक ज्याचें भय बाळगीत असे त्याची शपथ वाहिली. एकमत झालें तें फक्त एवढ्यावर कीं, ही रास येथें आहे, आणि वाईट हेतूनें कोणी ती ओलांडावयाची नाहीं.

त्या ठिकाणाला मिस्पा म्हणजे टेहळणीची जागा असेंही नांव पडलें. १९ व्या शतकांत इंग्लंडांत हा शब्द कोरलेल्या अंगठ्या व पदकें दूर जाणाऱ्या प्रियजनांना देण्याची चाल पडली होती. आपण दूर असतां परमेश्वर आपल्या दोघांवर लक्ष ठेवो, असा मायेचा आशीर्वाद लोक त्यांत वाचीत. परंतु लाबानाच्या तोंडीं तो आशीर्वाद नव्हता. ती ताकीद होती. आपण एकमेकांच्या नजरेआड झालों म्हणजे तूं काय करशील ह्याची मला खात्री नाहीं, म्हणून देवानें नजर ठेवावी, असा त्याचा भाव. लगेच तो पहिली अट घालतो कीं, माझ्या मुलींना जाचूं नको व त्यांच्यावर आणखी बायका करूं नको. ज्यानें स्वतःच कपटानें एका मुलीवर दुसरी दिली त्यानें ही अट घालावी, ह्याचें नवल वाटेल. पण अट चांगलीच होती. त्या दोघी आतां माहेर कायमचें सोडून जात होत्या, आणि त्यांच्या बाजूनें बोलणारें पुढें कोणी नव्हतें. लबाड माणसाच्या तोंडून आलेली म्हणून न्याय्य अट टाकून द्यावी असें याकोबाला वाटलें नाहीं.

कोणी म्हणेल कीं, प्रभूनें तर भावाशीं आधीं समेट कर असें शिकविलें. त्यापुढें हा दगडांचा सलोखा फारच तोकडा आहे. तोकडा आहे हें खरें. दोनच अध्यायांनंतर एसाव धांवत येऊन याकोबाला मिठी मारितो व दोघे रडतात; तेथें मनें खरोखर जवळ आलीं. परंतु प्रेषित पौलानें रोमकरांस लिहितांना, शक्य असेल तर व आपल्याकडून होईल तितकें सर्व माणसांशीं शांतीनें राहण्यास सांगितलें आहे. तेथें तो शक्यतेची मर्यादा स्वतःच घालितो. कारण दुसऱ्याचें मन आपल्या हातीं नसतें. जेथें मिठी मारतां येते तेथें रास रचून थांबूं नये. परंतु जेथें मिठी खोटी होईल तेथें खरी रास बरी.

मात्र अशा सलोख्याला आधाराची गरज असते, आणि तीही ह्याच अध्यायांत दिसते. बलवानाचा हात प्रथम आंवरला गेला. अन्याय झालेल्यानें आपलें गाऱ्हाणें भाऊबंदांपुढें मोठ्यानें सांगितलें, व तें सांगून झाल्यावरच दगड गोळा झाले. गाऱ्हाणें दडपून रास रचिली गेली नाहीं. अटी थोड्या होत्या, डोळ्यांना दिसणाऱ्या होत्या, आणि ज्यांना त्या सभेंत कोणीं विचारिलें नाहीं त्या स्त्रियांचें रक्षण त्यांत होतें. ह्यांपैकीं एकही गोष्ट नसतां घरांतल्या दुबळ्याला केवळ शांततेसाठीं सही करावयास लावणें, ह्याला गलेदचा आधार घेतां येणार नाहीं.

करार झाल्यावर त्यांनीं त्या डोंगरावर एकत्र भाकर खाल्ली व रात्र तेथेंच काढिली. पहाटे उठून लाबानानें आपल्या नातवंडांचे व मुलींचे मुके घेतले, त्यांना आशीर्वाद दिला व तो आपल्या ठिकाणीं परत गेला. आदल्या दिवशीं त्याची जी मोठी तक्रार होती कीं, मुके घेऊं दिले नाहींत, ती अशा रीतीनें दूर झाली. परंतु २० वर्षांपूर्वीं ज्याला त्यानें धांवत जाऊन पोटाशीं धरिलें होतें, त्या याकोबाचा मुका घेतल्याचें येथें लिहिलेलें नाहीं. जें तुटलें तें तुटलेंच राहिलें. पण लेकींना बापाचा आशीर्वाद मिळाला, लेंकरांनीं आजोबाला तलवार उपसलेला न पाहतां जातांना पाहिला, आणि त्या डोंगरावर कोणाचें रक्त सांडलें नाहीं. ज्या भांडणांत दोघां मोठ्यांचीं मनें जुळण्याजोगीं राहिलीं नसतील, त्या भांडणांतही लेंकराबाळांसाठीं एवढें करितां येतें. आणि जेथें एवढें करितां येतें तेथें तें केलेंच पाहिजे.